तानीचा रिकामा दोरा

मुलं ऐकत का नाहीत, हा प्रश्न मला नोकरीभर लोकांनी विचारला. पालकांनी विचारला, मास्तरांनी विचारला, तपासणीला येणाऱ्या साहेबांनी विचारला. मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका म्हणून जन्म काढलेल्या बाईजवळ याचं उत्तर असणारच, अशी सगळ्यांची समजूत. मला मात्र पहिल्या वर्षापासून उलटाच प्रश्न पडत आला. मुलं ऐकतात तरी का? चाळीसेक मुली आणि मी एकटी. त्यांनी मनात आणलं असतं तर मला उचलून तलावात टाकलं असतं आणि वरून वरणाचं पातेलंही ओतलं असतं. पण घंटा वाजली की त्या उठायच्या, डोळे चोळत रांगेत उभ्या राहायच्या. कशासाठी? हे कोडं मला अजून पुरतं सुटलेलं नाही. एकदा ते सुटल्यासारखं वाटलं होतं. त्या वेळची ही गोष्ट आहे.

मी वरोऱ्याची. आईवडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हा मी झोळीत होते. शिकायचं, एवढं एकच आमच्या घरात घोकून घेतलं गेलं. बाकी वागणं आपोआप येईल अशी वडिलांची श्रद्धा. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत मला नोकरी लागली ती गोंडपिपरीहून आष्टीकडे जाताना रस्ता सोडून आत, तलावाकाठच्या एका गावात. मुली आजूबाजूच्या गावांतल्या, काही गोंडांच्या, काही मासे धरणाऱ्या ढिवरांच्या, काही आमच्यासारख्या बौद्ध घरांतल्या. त्यांच्या गावात शाळा चौथीपर्यंत. पुढे शिकायचं तर आमचं वसतिगृह, नाहीतर घर आणि शेण-पाणी.

अधीक्षिका म्हणजे काय करते, असं पुष्कळ जण विचारतात. काही नाही, आई करते ते सगळं करते, फक्त पावती फाडून. उवा काढायच्या, खरूज झालेल्या हातांना मलम लावायचं, कोण जेवली नाही ते बघायचं, कोण रडतेय ते बघायचं, आणि कोण पळायच्या बेतात आहे ते सगळ्यात आधी बघायचं. मुली पळून जात. मोहफुलं पडायला लागली की हमखास. घराची ओढ एकदा लागली की पोरगी जंगलातून सरळ चालू लागायची, वाटेत अस्वल आहे की वाघ याची फिकीर नाही. दुसरं रणांगण बोअरिंग. हातपंप एकच, सकाळी सगळ्यांनाच अंघोळ हवी. बादल्यांची टक्कर, झिंज्या, शिव्या. तिसरं जेवण. आंबाडीची भाजी असली की निम्मी ताटं कुत्र्यांच्या वाट्याला.

मी ओरडायची. ओरडून घसा बसला की हातवारे करायची. मारायचं नाही असं मी स्वतःशी ठरवलं होतं. कारण मास्तरांचा मार खाऊन मी स्वतः काय शिकले, तर मास्तर दिसले की गल्ली बदलायची.

अशात चंद्रपूरला आमचं एक प्रशिक्षण झालं. तिथे एका बाहेरून आलेल्या बाईंनी भिंतीवर तक्ता लावून दाखवला. मुलानं चांगलं काम केलं की नावापुढे कागदाची चांदणी चिकटवायची. ठरावीक चांदण्या झाल्या की बक्षीस. वाईट वागण्याकडे लक्षच द्यायचं नाही, चांगलं वागताना पकडायचं. ‘पकडायचं’ हा शब्द मला फार आवडला. मी आतापर्यंत चोरच पकडत आले होते.

परत आले ती उत्साहानं फुगूनच. चांदण्यांचा कागद आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात वाळवीनं खाल्ला. म्हणून चिंचोके घेतले. ज्या मुलीचं वागणं चांगलं तिला एक चिंचोका, तो तिनं आपल्या डब्यात जपून ठेवायचा. शनिवारी डबे उघडले तर सगळे रिकामे. मला वाटलं चोरी झाली. स्वयंपाक करणाऱ्या कुंताबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

“बाई, चिंचोके कोनी ठेवते का? चुलीत भाजून खाल्ले पोट्ट्यायनं. काल मलेही देल्ले चार.”

म्हणजे आठवड्याभराचं सद्वर्तन भाजून खाल्लं होतं, आणि मला न विचारता.

मग बाजारातून शर्टाची पांढरी बटणं आणली. ती खाता येत नाहीत. व्हरांड्याच्या भिंतीत खिळे ठोकले, प्रत्येक खिळ्याखाली कोळशानं एकेकीचं नाव लिहिलं आणि खिळ्याला दोरा बांधला. बटण मिळालं की ज्याचं त्यानं दोऱ्यात ओवायचं. बोअरिंगवर पाळी पाळली, बटण. ताटात काही टाकलं नाही, बटण. लहानीची वेणी घालून दिली, बटण. शनिवारी दोरे बघायचे, आणि ज्यांचे भरले असतील त्यांना रिबन, कंगवा किंवा वासाच्या साबणाची वडी. ज्यांना बक्षीस मिळालं त्यांनी आपली बटणं परत मला द्यायची, म्हणजे पुन्हा फिरवता येतील.

आणि काय सांगू, चाललं! बोअरिंगवर रांग लागली. आंबाडीची भाजी संपायला लागली. मुली मला बघून एकमेकींना “तू घे आधी, तू घे” म्हणू लागल्या. मी व्हरांड्यात उभी राहून त्या पांढऱ्या माळा बघायची आणि मनातल्या मनात त्या प्रशिक्षणाच्या बाईंना नमस्कार करायची.

गंमत त्यानंतर सुरू झाली. रेखा नावाची एक चिमुरडी होती, ती चावायची. भांडणात हात चालायचे नाहीत, दात चालायचे. तिला मी सांगितलं, दिवसभर कुणाला चावली नाहीस तर बटण. तिनं खरोखर दात आवरले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्यासमोर सुशीला उभी राहिली. ही अत्यंत गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

“बाई, मी आज कोनाले चावली नाई. बटन द्या.”

“तू कधीच चावत नाहीस गं.”

ती विचारात पडली. “मंग आज चावू का? उद्या नाई चावनार.”

मी हसले, पण त्या रात्री पडल्या पडल्या बराच वेळ तिचाच विचार करत होते. माझ्या हिशेबात चूक कुठे होती? सुशीलाचं म्हणणं बरोबरच होतं. न चावण्याची किंमत ठरवली की जन्मात न चावलेली पोर फुकटच गेली ना?

पण मला खरं कोडं घातलं ते तानीनं.

तानी मेश्राम. पाचवीत. तिच्या बापाला सगळे नामदेवभाऊ म्हणायचे. तलावात मासे धरायचे, बाजाराच्या दिवशी विकायचे. आई धानाच्या रोवणी-निंदणीला मजुरीनं जायची. तानीच्या पाठीवर दोन लहान भाऊ. नामदेवभाऊ तिला सोडायला आले तेव्हा माझ्यासाठी पानात बांधून मासे घेऊन आले होते. बसायला सांगितलं तर बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, “बाई, हिले शिकू द्या. घरी ठेवली तं लहान्यायले सांभायत बसन, मंग जाळं हाती घेईन, मंग लगन. हे मले ठाऊक हाये, माह्या बहिनीचं तेच झालं.” एवढं बोलून ते मागे न बघता गेले. तानी रडली नाही. तिनं मला विचारलं, “बाई, इथी माईक हाये का?”

माईक कशाला, असं मी विचारलं, तर मोठी होऊन तिला नाटकातला माईकवाला व्हायचं होतं. नट नाही, राजा नाही, राणी नाही, तर माईकवाला.

पोरगी गुणी होती. कामाला पुढे, ताट लख्ख. आठवड्यात तिला इतरांपेक्षा जास्तच बटणं मिळायची, मी स्वतःच्या हातानं द्यायची. आणि शनिवारी दोरा रिकामा. दर शनिवारी! तिच्या खिळ्यावर तो दोरा वाऱ्यावर नुसता हलत असायचा. कुणीतरी तिची बटणं काढून घेतंय अशी माझी खात्री झाली. रेखावर संशय घेतला, दातांमुळे. तानीला विचारलं तर म्हणायची, “आहेत नं बाई, फिरून राह्यलेत.” कुठे फिरताहेत ते सांगायची नाही.

एका रविवारी दुपारी स्वयंपाकघराच्या मागून आवाज आला. मोहाच्या झाडाखाली मुलींचं कोंडाळं. मधे कमला आत्राम उभी, आईच्या आठवणीनं गळा काढून रडण्याचं सोंग करत होती, आणि खरोखर फार छान करत होती. तेवढ्यात तानी एका उलट्या बादलीवर चढली. हातात लाटणं. ते तोंडाशी धरून ठणठणीत आवाजात म्हणाली,

“थांबा! खेळ थांबवा! कमलाबाई आत्राम यायनं जे रडनं करून दाखवलं, त्याबद्दल तानीबाई मेश्राम यायच्याकडून एक बटन बक्षीस!”

टाळ्या. कमलानं डोळे पुसले, पुढे येऊन बटण घेतलं, हात जोडले आणि म्हणाली, “तानीबाई मेश्राम, मी तुमची आभारी हाये.” मग मागे जाऊन जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा रडायला लागली.

मी कोपऱ्यावर उभी राहून बघत होते. हे मी पाहिलं होतं! दिवाळीनंतर या भागात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक. त्या वर्षी मुलींना घेऊन आम्हीही गेलो होतो. ऐन रंगात आलेलं नाटक मधेच थांबवायचे, माईकवरून सांगायचे की अमक्या गावचे तमके भाऊ यांच्याकडून गायिकेला पाच रुपये बक्षीस. मेलेल्या नवऱ्यावर पडलेली बाई उठायची, हात जोडून त्या भाऊंचं नाव घ्यायची, आणि पुन्हा नवऱ्यावर पडायची. वरोऱ्याकडच्या मला ते फार विचित्र वाटलं होतं. आमच्या मुलींना त्यात काहीच विचित्र वाटलं नव्हतं. बक्षीस म्हणजे काय हे त्यांना माझ्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. बक्षीस मिळवणारा पाच रुपयांचा धनी, पण गावभर नाव होतं ते देणाऱ्याचं.

तानी बक्षीस देत होती. काटा काढताना न रडल्याबद्दल, अर्धा पेरू दिल्याबद्दल, घुबडाचा हुबेहूब आवाज काढल्याबद्दल, पाठ खाजवून दिल्याबद्दल. माझ्या नियमांत यातलं एकही नव्हतं. टपाल घेऊन येणाऱ्या पोस्टमनलाही तिनं एक बटण दिलं होतं, सायकलची घंटा गाण्यासारखी वाजवतो म्हणून. त्यानं ते टोपीत ठेवलं होतं म्हणे.

मी तिला नंतर विचारलं, “तुले रिबन नको का?”

“पाहिजे नं!”

“मग बटणं काऊन वाटतेस?”

“रिबन लावली तं एक डाव पाहतेत बाई. बक्षीस देल्लं तं सारे नाव घेतेत.” असं म्हणून ती मनापासून हसली. मला हायसं वाटलं. पोरगी संत नव्हती. तिला आपल्या नावाचा आवाज आवडत होता, एवढंच.

तेव्हापासून दर रविवारी मी काहीतरी शिवण-टिपण घेऊन मोहाखाली जाऊन बसायला लागले. खरं सांगायचं तर मला एक बटण हवं होतं. हसू नका. सगळ्यांना मिळत होतं. कुंताबाईंना खीर करपली नाही म्हणून मिळालं. मी एका रविवारी मुद्दाम गोष्ट सांगितली, वाघाचा आवाज काढून सांगितली. मुली खूश झाल्या, टाळ्या वाजवल्या. बटण नाही. पुढच्या रविवारी गूळ-दाणे वाटले. बटण नाही. तानी माझ्याकडे बघायची आणि दुसरीकडे वळायची.

इथपर्यंत सगळं मजेत होतं. मग आमच्या संस्थेचे सचिव आले. त्यांना सगळे साहेबच म्हणायचे. पांढरा शर्ट, जीप, मंडईच्या प्रत्येक नाटकात पहिल्या रांगेतली खुर्ची. माणूस वाईट नव्हता. संस्था त्यांनीच पायपीट करून उभी केली होती. फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीचा उपयोग करावासा वाटायचा. व्हरांड्यात पांढऱ्या माळा बघून ते थबकले.

“हे का हाये, बाई?”

आणि मी, हात दाखवून अवलक्षण, सगळं फुगवून सांगितलं. बोअरिंगची रांग दाखवली, स्वच्छ ताटं दाखवली. ते मान डोलवत राहिले. मग दोऱ्यांवरून बोट फिरवत चालले आणि रिकाम्या दोऱ्यापाशी थांबले.

“लय मोठं काम सोपं केलं तुमी. पुढच्या वर्षीच्या जागेसाठी इतके अर्ज आहेत की मी परेशान झालो. कोनाले ठेवू, कोनाले काढू? आता भांडनच नाई. परीक्षेनंतर मी येतो. ज्यायचे दोरे खाली, त्यायच्या जागा खाली.”

मी घाईनं म्हणाले, “साहेब, हा मुलींचा खेळ आहे.”

“मंग खेळात हारजीत राहतेच नं.” ते जीपमध्ये बसले. त्यांच्या दृष्टीनं ते न्यायानंच वागत होते. बाहेर खरोखरच मुली वाट बघत होत्या, आणि त्याही कुणाच्या तरी तानीच होत्या.

मी व्हरांड्यात येऊन तानीच्या खिळ्यापुढे उभी राहिले. मला फार राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. मुलीची शाळा सुटणं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको होतं. आमच्या घरात शिकलेली पहिली बाई मीच. माझ्या आईला सही येत नव्हती. आणि मी आणलेल्या बटणांनी आता नामदेवभाऊंची पोर परत तलावावर जाणार होती.

मी तानीला बोलावून सगळं सरळ सांगितलं. मुलांशी आडून बोलण्यात अर्थ नसतो, त्यांना आडवळणाचा रस्ता आपल्यापेक्षा चांगला माहीत असतो. “परीक्षेपर्यंत एकही बटण कोणाला द्यायचं नाही. दोरा भर. नाहीतर साहेब तुला घरी धाडतील.”

तिचा चेहरा उतरला. “शाळा बंद?”

“बंद.”

ती अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. मग म्हणाली, “बरं.”

तिनं प्रयत्न केला, हे मी शपथेवर सांगेन. मीही निर्लज्ज झाले. तिनं शिंक आवरली तरी बटण, नुसती चालत गेली तरी बटण. तिच्या दोऱ्याला पहिल्यांदाच वजन आलं. पण रविवारी मोहाखाली खेळ रंगायचा आणि बादलीवर कुणी चढायचं नाही. मुली तिच्याकडे बघायच्या. ती दोन्ही हातांवर बसून राहायची. एका रविवारी रेखानं डोक्यावर घागर ठेवून नाच केला आणि घागर पडली नाही. चावणारी रेखा! तानीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही. तिनं डोळे मिटले. आणि मग ती उठून पळत व्हरांड्यात गेली, दोराच सोडून घेऊन आली आणि बादलीवर चढली. त्या दुपारी तिनं जमवलेली सगळी बटणं वाटून टाकली. मला तिला दोन ठेवून द्याव्याशा वाटल्या, आणि त्याच वेळी रेखाच्या नाचाला टाळ्याही वाजवाव्याशा वाटल्या. मी टाळ्या वाजवल्या.

साहेब आले तो दिवस कडक उन्हाचा. सकाळी बोअरिंगवर मी तानीला एक बटण दिलं होतं, तेवढंच तिच्या दोऱ्यात होतं. साहेबांनी मुलींच्या पंगतीत जेवायचं ठरवलं. जाड्या तांदळाचा भात, पातळ वरण आणि नेमकी आंबाडीची भाजी. साहेब गप्पा मारत जेवत होते. समोरच्या ओळीत तानी आपलं जेवण सोडून त्यांच्या ताटाकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, भीतीनं.

जेवण झाल्यावर मुली व्हरांड्यात आपापल्या खिळ्याखाली उभ्या राहिल्या. साहेब एका टोकानं निघाले. भरलेल्या दोऱ्यांना “वा” म्हणत होते. जरा ओकेबोके दोरे आले की मागे वळून माझ्याकडे बघत होते. तानीच्या खिळ्यापाशी आले. तिथे दोराही उरला नव्हता. तो तिच्या हातात होता.

“तुझं नाव का, बाई?”

तानीनं उत्तर दिलं नाही. कोपऱ्यात पाण्याची बादली होती, ती तिनं उपडी केली. पाणी व्हरांडाभर झालं, साहेबांचे बूट भिजले. ती बादलीवर चढली. लाटणं नव्हतं म्हणून मूठच तोंडाशी धरली.

“थांबा! आपले साहेब इतक्या लांबून आले, पोट्ट्यायच्या पंगतीत जेवले, आन् आंबाडीची भाजी असूनसन्या ताटात एक शीत नाई टाकलं, त्याबद्दल तानीबाई मेश्राम यायच्याकडून साहेबाले एक बटन बक्षीस!”

व्हरांड्यात टाळ्यांचा पाऊस पडला. मुलींना थांबवणं माझ्या हातात नव्हतं, आणि असतं तरी मी थांबवलं नसतं. तानीनं हात पुढे केला. तळव्यावर पांढरं बटण.

साहेबांनी आयुष्यभर नाटकांना बक्षिसं दिली होती. त्यांचं नाव माईकवरून किती गावांत घुमलं असेल याची गणती नाही. पण त्यांना स्वतःला असं बक्षीस कुणी दिलं असेल असं मला वाटत नाही. ते गोंधळले. पण पुढे काय करायचं असतं ते त्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, त्यांना तर होतंच. मुली गप्प होऊन वाट बघायला लागल्या. बक्षीस घेणाऱ्यानं देणाऱ्याचं नाव घेतल्याशिवाय खेळ पुढे जात नाही.

साहेबांनी बटण घेतलं. ओल्या बुटांनी नीट उभे राहिले. हात जोडले.

“तानीबाई मेश्राम,” ते म्हणाले, “मी तुमचा आभारी हाये.”

पुढचे दोरे त्यांनी बघितले नाहीत. सरळ जीपकडे चालू लागले. मी मागोमाग. दार उघडता उघडता त्यांनी विचारलं, “बाई, त्या पोट्टीची बाकीची बटनं कुठी गेली?”

“वाटली तिनं.”

“सारी?”

“सारी. शेवटचं तुमच्या खिशात आहे.”

त्यांनी खिसा चाचपला. “बंद करा हे बटन-बिटन,” ते चिडून म्हणाले. “जागेचं मी पाहून घेईन. एक खोली वाढवता येते का ते पाहतो.” ड्रायव्हरनं गाडी काढली.

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकते. खोली वाढली, टिनाची, उन्हाळ्यात भट्टी. कुणाची जागा गेली नाही. तानी सातवीपर्यंत माझ्याकडे राहिली, पुढे चंद्रपूरला शिकली. आता पंचायत समितीत नोकरीला आहे आणि सभेत माईक तिच्याच हातात असतो म्हणतात. शनिवारची रिबन मी बंद केली. बटणं मात्र मुलींना वाटून टाकली, ज्यांना द्यायची त्यांना द्या म्हणून. बोअरिंगवर पुन्हा थोड्या झिंज्या सुरू झाल्या, ते खोटं कशाला सांगू. पण मुली आठवडाभर एकमेकींकडे बघत राहायच्या, कुणात काय देण्याजोगं आहे ते शोधत. असं बघणं मी कुठल्याच तक्त्यानं शिकवू शकले नसते.

मला सांगायचंय ते त्याच संध्याकाळचं. जीप गेली, व्हरांडा पुसून झाला. तानी पायरीवर बसून उपडी बादली सरळ करत होती. मी शेजारी बसले. दिवसभराची भीती उतरली होती आणि त्या जागी एक क्षुल्लक, पोरकट दुखणं वर आलं होतं. मला ते लपवता आलं नाही.

“तानी, साहेबाले देल्लं. कुंताबाईले देल्लं. पोस्टमनले देल्लं. मले काऊन कधी नाई देल्लं?”

ती अजिबात ओशाळली नाही. उलट, इतकी साधी गोष्ट मला कळत नाही याचं तिला नवल वाटलं.

“तुमी वाट पाहता नं, बाई.”

“मी?”

“हो. दर रविवारी. गोष्ट सांगता आन् पाहता. गूळ देता आन् पाहता.” तिनं बादली बाजूला ठेवली. “वाट पाहून राह्यला त्याले देल्लं तं ते बक्षीस नाई होत, बाई. ते मजुरी होते.”

तिची आई त्या वेळी कुणाच्या तरी शेतातून मजुरी घेऊन घरी निघाली असेल, असं मनात आलं. तिला पुन्हा कधी काही विचारायचं धाडस मला झालं नाही.

आतून कुंताबाईंनी जेवणाची घंटा दिली. तानी उठली, भिंतीशी ठेवलेलं आपलं ताट घेतलं आणि रांगेकडे पळाली. दुपारची आंबाडीची भाजी उरली होती, रात्री पुन्हा तीच होती. पळण्याबद्दल मी तिला काहीही देणार नव्हते, आणि ते तिला माहीत होतं.